फॉर्म नंबर सहाशे बारा

जुळे सोलापूर,
११ जून २०२४

चिरंजीव यशपाल यास अक्काचा जयभीम.

या आठवड्याच्या फॉर्मांचा गठ्ठा बांधला आणि नेहमीसारखं हे पत्र मधी सरकवलं. कुणी बोललं तर सांग, शालन तळभंडारे सोलापुरात दारोदार फिरून कॅन्सरचे पेशंट मोजते आणि तिचा सख्खा धाकटा भाऊ मुंबईच्या हेड ऑफिसात तेच फॉर्म कॉम्प्युटरात भरतो, तेव्हा एवढी टपालाची चोरी चालायचीच. फोन केला की तू म्हणतोस, "अक्का, मीटिंग आहे, लवकर बोल." कागद कसा, गप ऐकून घेतो.

आता भांडणाचं. तुमचा हा फॉर्म कुणी बनवलाय रे? काल राजेश्वरीकडं गेले होते. बाई पंचावन्नची, विड्या वळते, जिभेला गाठ. मी सुरू केलं. प्रश्न अकरा, रोज किती सिगारेट ओढता? "काय इचारालीस गं बाई, जन्मात वढली न्हाई." प्रश्न बारा, आठवड्यातून वाईन किती ग्लास? तिनं सुनेकडं बघितलं, सुनेनं माझ्याकडं, आणि तिघी हसत सुटलो. हसताना तिला कळ आली ते वेगळंच. तंबाखू चघळता का? न्हाय. झालं, तुमच्या लेखी बाई निर्व्यसनी! आणि पुढ्यात मिश्रीची डबी उघडी. तंबाखू तव्यावर जाळून केलेली ती काळी पूड बाई तीस वर्षं दिवसातून चारदा दातांना लावतीय. पण मिश्रीला आपल्यात तंबाखू कोण म्हणतं? ते दात घासणं. म्हणून मी फॉर्मच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलंय, मिश्री, रोज चारदा, तीस वर्षं. ते वाचत जा.

आमच्या इथल्या ऑफिसचे अवधूत डॉक्टर काल परत तेच बोलले. म्हणाले, "शालनताई, या मोजणीची तीन वर्षांची मुदत मार्चला संपते. तोवर सोलापूरचा आकडा नीट दिसला तर इथं कायमचं संशोधन केंद्र होईल. आपल्या बायकांच्या तोंडात हे कसं सुरू होतं, त्यांच्या अंगाला कुठलं औषध किती सोसतं, ते इथं बसून बघता येईल. आज आपण सगळं करतो ते परक्या मुलखातल्या, खाऊनपिऊन असलेल्या माणसांवर बघून ठरवलेलं." मला बाकीचं कळत न्हाय. आकडा दाखवायचा एवढं कळतं. पायात चप्पल हाय तोवर दाखवते.

माझ्या तेजश्रीला स्थळ आलंय. मुलगा करमाळ्याचा, दिपक नाव, चिंचोळी एमआयडीसीत सुपरवायझर हाय. तुझ्या ओळखीतून चौकशी कर आणि खरं काय ते सांग. खोटं बोललास की तुझे कान लाल होतात, फोनवरसुद्धा मला दिसतात.

शेंगाचटणी पाठवलीय. यंदा तिखट काय भयंकर निघालंय, मला तर जिभेला लावू देईना.

तुझी अक्का

*

कल्याण,
२१ जून २०२४

ती. अक्कास,
जयभीम.

चटणी ऑफिसात पोचली आणि संपली. तिखट मुळीच नव्हती, नेहमीसारखीच होती. तुझंच वय झालं आता, दूधभात खात जा.

मार्जिनमधल्या पेन्सिलीचं सांगतो. माझ्या स्क्रीनवर चौकटी आहेत. सिगारेट, विडी, चघळणं, दारू. मिश्रीला चौकट नाही. मी साहेबांना दोनदा विचारलं. ते म्हणाले, हा फॉर्म बाहेरून आलाय, सगळीकडं हाच चालतो, आपण मधेच एक चौकट वाढवली तर इतरांशी तुलना कशी करणार? त्यामुळं राजेश्वरीबाई आमच्याकडं निर्व्यसनीच राहिल्या. मी मात्र एक वही केली आहे. तुझ्या पेन्सिलीतलं सगळं तिच्यात उतरवून घेतो. ती वही कुणी मागितलेली नाही, पण असू दे.

दुसरी गोष्ट जास्त काळजीची आहे. तू आजवर ४८० फॉर्म पाठवलेस. त्यातले सोलापूरच्या खात्यात लागले जेमतेम २९०. बाकीचे लोक उपचाराला पुण्यामुंबईला गेले आणि तिथल्या केसपेपरवर त्यांनी मेहुण्याचा, भावाचा, लेकीचा पत्ता दिला. नियम असा की माणूस वर्षभर जिथं राहतो तिथली ती केस. पण राहतो कुठं हे आम्ही दवाखान्याच्या केसपेपरवरूनच धरतो. तो पत्ता खोडायचा तर गृहभेटीचा फॉर्म लागतो आणि त्यावर त्या भागातल्या कार्यकर्तीची सही. म्हणजे तुझी. तेव्हा आता नुसते नवे पेशंट शोधू नकोस, हरवलेले परत आण.

दिपकची चौकशी केली. मुलगा चांगला आहे. कान लाल नाहीत.

आणि अक्का, तूही सकाळी ती डबी घेऊन बसतेस. सोड ना आता.

तुझा,
यशपाल

*

जुळे सोलापूर,
९ ऑगस्ट २०२४

चि. यशपाल यास जयभीम.

हरवलेले परत आण म्हणालास, म्हणून महिनाभर तेच करालीय. अक्कलकोटच्या पुढं एका गावात ईश्वरप्पा म्हणून गृहस्थ हाय. बायको गालाच्या कॅन्सरनं गेली. केसपेपरवर पत्ता पुण्याचा, मेहुण्याचा. मी फॉर्म काढला तर माणूस हात जोडून उभाच राहिला. "ब्याड री, ब्याड." नको बाई, नको. दोन पोरी लग्नाच्या हायत. गावात सांगितलंय की पोटाच्या दुखण्यानं गेली. हितं नोंद झाली, घरावर शिक्का बसला, तर पोरींना कोण करून घेणार?

मला असा राग आला म्हणून सांगू! म्हटलं, तुमच्या बायकोनं चाळीस वर्षं ह्या चुलीवर भाकरी थापल्या, हितल्या विहिरीचं पाणी वाहिलं, आणि मेल्यावर ती पुण्याची झाली व्हय? सगळेच असे लपवत बसले तर सोलापुरात हा आजार न्हाईच असं ठरणार, मग केंद्र न्हाय, तपासणी न्हाय, उद्या त्या पोरींच्या तोंडात पांढरा चट्टा आला तर टॉर्च मारून बघणारं हितं कुणी असणार न्हाय. आणि नोंद गावात कुणी वाचत न्हाय, ती मुंबईला जाते. लई बोलले. एवढं बोलायला नको होतं. म्हातारा ढसाढसा रडला आणि सही केली. तो फॉर्म सगळ्यात वर ठेवलाय, आधी तोच घाल.

असे एकोणीस परत आणले. दोघांनी दार लावून घेतलं, एकीनं अंगावर पाणी फेकलं. चालायचंच.

मिश्री सोड म्हणतोस. बायकांना सांगून सांगून माझं तोंड दुखतं आणि घरी येऊन मीच लावते, खोटं कशाला बोलू. लावली न्हाय तर डोकं चढतं, चहा गोड लागत न्हाय.

माझा फोन बिघडलाय, आवाज नीट जात न्हाय समोरच्याला. तू आपलं पत्रच लिही.

अक्का

*

कल्याण,
५ सप्टेंबर २०२४

ती. अक्का,
जयभीम.

ईश्वरप्पांचा फॉर्म लावला. त्या बाई आता सोलापूरच्या झाल्या.

तुझा फोन बिघडला, समजलं. पण तेजश्रीच्या फोनवरही तू येत नाहीस. तीन वेळा केला, तीनही वेळा "आई बाहेर गेलीय." एवढी कुठं जातेस? मला वाटतं तू माझ्यावर रुसलीस. मिश्रीवरून बोललो म्हणून, की चौकट वाढवता आली नाही म्हणून? चौकट माझ्या हातात असती तर मी आधी ती वाईनची काढून टाकली असती.

रागावणार असलीस तर अजून एक ऐक. मधल्या आढाव्यात सोलापूरच्या पुढं लिहिलं गेलं, "प्रादुर्भाव कमी, तंबाखूशी संबंध अस्पष्ट." मी ते टाईप केलं. तू पाठवलेल्या बायकांपैकी निम्म्या निर्व्यसनी आणि निम्म्या परगावच्या, मग दुसरं काय निघणार? अवधूत डॉक्टरांनी फोनवर साहेबांशी तासभर वाद घातला. ते म्हणत होते, आमच्याकडची बाई अडतीस किलोची, रक्त कमी, अर्धपोटी, तिला पुस्तकातलं औषध देतो तेव्हा आजाराआधी औषधच तिला पाडतं, यावर कुणी काही बघितलंय का? साहेब म्हणाले, मुद्दा बरोबर आहे पण आकडा कुठाय? शेवटचा आढावा जानेवारीत आहे.

रुसवा सोड आणि एकदा तरी बोल. तुझा आवाज ऐकून महिना उलटला.

यशपाल

*

जुळे सोलापूर,
१४ ऑक्टोबर २०२४

यशपाल,

फोन बिघडलेला न्हाय. जीभ बिघडलीय.

जूनमधी चटणी झोंबली ना, तेव्हा डाव्या कडेला चट्टा होता. टॉर्च मारून दीड हजार तोंडं बघितली रे मी, मला कळलं न्हाय असं कसं होईल? कळलं. म्हटलं दाढ घासत असेल. रोज आरशात बघायचे आणि रोज दाढेवर ढकलायचे. ऑगस्टात बोलणं जड व्हायला लागलं, शब्द तोंडातच लोळायचे. तुला ऐकू गेलं असतं तर तू त्याच गाडीनं निघाला असतास. म्हणून फोन बिघडवला.

पकडलं ते राजेश्वरीनं. पंधरा दिवसांमागं तिच्याकडं दुसऱ्या भेटीला गेले. ती आता पातळच घेते. मी प्रश्न विचारालते आणि ती माझ्या तोंडाकडंच बघत बसलेली. म्हणाली, "माझं ऱ्हाऊ दे, तुझं तोंड उघड की." मी न्हाय म्हटलं. तिनं हनुवटीच धरली माझी, पोराला धरतात तशी. बघितलं आणि हात सोडला. चहा केलेला तसाच गार झाला.

अवधूत डॉक्टरांनी तुकडा काढून पाठवला. आला रिपोर्ट. गळ्यातही गाठ लागलीय. ते म्हणाले, चार महिने आधी का न्हाय दाखवलंत? त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचाच राग आला. रडतो कशाला माणूस?

का दाखवलं न्हाय ते तुला सांगते. दिवाळीनंतर करमाळ्याची माणसं बोलणी करायला यायची होती. म्हटलं तेजश्रीचं होऊ दे, मग बघू. ईश्वरप्पाला मी काय काय बोलले ते आठवतं ना? तोच ईश्वरप्पा माझ्या घरात बसलेला होता रे.

भीती वाटती. लई वाटती. पुढच्या मंगळवारी तेजश्री मला घेऊन येती. स्टेशनवर ये.

अक्का

*

जुळे सोलापूर,
२ फेब्रुवारी २०२५

यशपाल,

घरी पोचले. तीन महिने तुझ्याकडं राहिले, तुझ्या बायकोनं नळीतून मला भरवलं, ते विसरणार न्हाय. पण आज भांडायला लिहितेय. आता जीभ अर्धी हाय, तोंडानं भांडता येत न्हाय. घरात तेजश्रीची शाळेतली पाटी शोधून काढलीय, तिच्यावर लिहून बोलते. तुझ्याशी भांडायला पाटी पुरायची न्हाय.

दवाखान्याची फाईल इतके दिवस तुझ्याच हातात होती. आज निवांत उघडून बसले. पहिल्या पानावर, शालन सिद्राम तळभंडारे, वय ४८, राहणार कल्याण. मुंबई परिसरात किती वर्षं? पाच!

यशपाल, मी कल्याणला कधी राहिले? ह्या दुखण्याआधी पाच वर्षांत तुझ्याकडं चार दिवस सलग काढले न्हाईत. मी लोकांच्या उंबऱ्यावर बसून सांगितलं, बाबांनो पत्ता खरा द्या. अंगावर पाणी घेतलं. आणि माझा सख्खा भाऊ, ज्याला नियम तोंडपाठ, तो मला कल्याणची करून मोकळा झाला. मी मेले की तुमचा कॉम्प्युटर म्हणणार, कल्याणला एक बाई गेली. सोलापूर? सोलापुरात काय न्हाय, सगळं ठीक हाय!

अंगाचं सांगते. वजन छत्तीस. औषधाचे डोस जेवढे ठरले होते तेवढे झालेच न्हाईत. दुसऱ्यालाच मी पडले. तितल्या पोरसवदा डॉक्टरीणबाईंना मी कागदावर विचारलं, आमच्यासारख्या बायकांना कमी देऊन चालतं का? ती बिचारी खरं बोलली. म्हणाली, "मावशी, मला माहीत नाही. पुस्तकात तुमच्यासारख्यांचं लिहिलेलं नाही." मला ती आवडली. तिला कुणीतरी सोलापूरला पाठवा.

गळ्यात परत टणक लागतंय. तेजश्रीला अजून सांगितलं न्हाय, तूही सांगू नको.

माझा पत्ता बदल. दुसरं काय मागत न्हाय.

अक्का

*

कल्याण,
१४ फेब्रुवारी २०२५

अक्का,

तू मला मारायला हवं होतंस.

त्या दिवशी खिडकीवर कारकुनानं विचारलं, पेशंट बाहेरगावचा की इथला? माझ्या पुढं उस्मानाबादचा की कुठला एक माणूस होता, त्याला ऑपरेशनची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. मी म्हणालो, इथलीच, कल्याणची, पाच वर्षं. तुला तारीख पंधरा दिवसांत मिळाली. कारकुनानं माझ्या कानांकडं बघितलं असतं तर नसती मिळाली. त्या क्षणी मला नोंद, नियम, काही आठवलं नाही. नंतर आठवलं. आणि मनात आलं, असू दे, करमाळ्याच्या लोकांनाही कळणार नाही. म्हणून नंतरही गप्प राहिलो. हे खरं आहे.

आता वाईट ते. जानेवारीचा आढावा झाला. सोलापूर बंद. ३१ मार्चनंतर तिथला एकही फॉर्म घेणार नाहीत. कारण लिहिलंय, अपेक्षेपेक्षा कमी रुग्ण. अवधूत डॉक्टर स्वतः येऊन बोलले. मी माझी मिश्रीची वही साहेबांपुढं ठेवली. त्यांनी चार पानं चाळली, वाईट वाटलं त्यांना, खोटं कशाला बोलू. म्हणाले, हे आधीच चौकटीत असतं तर! मी म्हणालो, आधीच मागत होतो.

तुझा पत्ता बदलायचा रस्ता तुला माझ्याइतकाच माहीत आहे. गृहभेटीचा फॉर्म, रेशनकार्डाची प्रत आणि सोलापूरच्या कार्यकर्तीची सही. एकतीस मार्चच्या आत. कार्यकर्ती अजून तूच आहेस.

यशपाल

*

जुळे सोलापूर,
२४ मार्च २०२५

चि. यशपाल यास जयभीम.

लई वेळ बसवत न्हाय, म्हणून थोडंच.

काल मी गृहभेट दिली. स्वतःच्या घराला. बॅग खांद्याला लावून दारापर्यंत गेले आणि परत आत आले, उगीच, सवय म्हणून. तेजश्री हसली. मग फॉर्म नंबर सहाशे बारा काढला. सिगारेट, न्हाय. वाईन किती ग्लास, एकही न्हाय, आणि आता राहूनच गेलं. तंबाखू चघळता का, न्हाय. कडेला लिहिलं, मिश्री, रोज पाचदा, चौतीस वर्षं. ह्यावेळी पेन्सिलीनं न्हाय, पेनानं. माहिती देणार, शालन तळभंडारे. माहिती घेणार, शालन तळभंडारे. दोन्ही सह्या सारख्याच वाकड्या आल्यात.

राजेश्वरी परवा गेली. तिचाही शेवटचा कागद ह्यातच हाय.

करमाळ्याची माणसं आली होती. तेजश्रीला आधी सांगितलं आणि मग तिच्या देखत दिपकच्या आईपुढं पाटी धरली. मला जिभेचा कॅन्सर आहे, परत आलाय. बाईंनी वाचलं, चहा पूर्ण प्यायल्या, "बघू" म्हणाल्या. सात दिवस झाले. पण पाटी पुसताना मला लई हलकं वाटलं. ईश्वरप्पाची माफी मागायची राहिली तेवढी.

अवधूत डॉक्टर ऑफिसच्या दोन खोल्या रिकाम्या करालेत. गठ्ठा त्यांनीच आज टपालात टाकायचं कबूल केलंय. वाटेत पाडवा, ईद अशा सुट्ट्या हायत, वेळेत पोचतो का बघ. माझ्या एकटीनं आकडा काही हलत न्हाय, ते मला कळतं. तरी मला माझ्या गावात मोज.

अक्का

*

कल्याण,
८ मे २०२५

चि. तेजश्री,
जयभीम.

आईला जाऊन तीन आठवडे झाले. मी दहा दिवस तुझ्याजवळ होतो, पण जे सांगायला हवं होतं ते तोंडावर सांगता आलं नाही. तुझ्या आईसारखा कागदाचा आधार घेतोय.

गठ्ठा तीन एप्रिलला आला. एकवीस फॉर्म होते. मी साहेबांना सांगितलं, फक्त एक घ्या, माझ्या बहिणीचा आहे. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवून दाखवली. जिल्ह्यांच्या यादीतून सोलापूर काढून टाकलं होतं. निवडायला नावच नव्हतं. आईची नोंद ठाणे जिल्ह्यातच राहिली.

असे फॉर्म परत पाठवायचे तर त्यावर शिक्का मारावा लागतो. तो शिक्का माझ्याच टेबलावर असतो. एकवीसही फॉर्मांवर मीच मारला. आईच्या फॉर्मवर मारताना तिनं कडेला लिहिलेलं झाकलं जाऊ नये एवढं बघितलं.

मी जयंतीच्या आधी आलो तेव्हा तिनं पाटीवर विचारलं, "लागला का फॉर्म?" तू तिथंच होतीस. मी मान हलवली, लागला म्हणून. तिनं माझा हात धरला. तो हात मला झोपू देत नाही.

आमच्या जावक विभागातून परतीचं टपाल सावकाश निघतं. सोलापूरचं ऑफिस बंद, म्हणून तुझ्या घरीच एक पाकीट येईल. वाटलं तर उघडू नकोस.

मामा

*

जुळे सोलापूर,
१९ मे २०२५

मामांस जयभीम.

पाकीट आलं. उघडलं.

तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका. त्या दिवशी तुम्ही मान हलवली आणि पाणी प्यायला आत गेलात, तेव्हा आईनं पाटी माझ्याकडं वळवली होती. तिच्यावर लिहिलेलं, "कान बघ त्याचे." मग तिनंच पुसलं आणि मला बोट दाखवून सांगितलं, त्याला बोलू नको. म्हणजे तिला कळलं होतं, मामा. तुमचा हात तिनं त्यानंतर धरला.

करमाळ्याहून काही निरोप न्हाय. मी वाट बघत न्हाय. ईश्वरप्पा आले होते, बाराव्या दिवशी, धाकट्या लेकीला घेऊन. तिच्या गालात आत पांढरं दिसतंय म्हणाले, ताईंना दाखवायला आणलं होतं. त्यांना आई गेल्याचं माहीत नव्हतं. मी अवधूत डॉक्टरांचं ऑफिस दाखवायला घेऊन गेले, तर तिथं आता शिकवणीचे वर्ग सुरू झालेत. डॉक्टर पुण्याला गेलेत म्हणे. मी तिला टॉर्च लावून बघितलं, पण मला काय कळतंय? कुठं दाखवू म्हणून विचारत होते. मी मुंबई सांगितलं. त्यांनी विचारलं, तिथं पत्ता कुठला देऊ?

आईचा फॉर्म मी तिच्या पाटीखाली ठेवलाय. पाकिटावर तुमच्या ऑफिसनं आमचा पत्ता छापलाय. नाव, घर नंबर, जुळे सोलापूर, पिनकोड, एक अक्षर चुकलेलं न्हाय. पोस्टमननं कुणाला विचारलंसुद्धा न्हाय, सरळ दारात आणून दिलं. आत कागदावर शिक्का, कार्यक्षेत्राबाहेर.

तेजश्री